इंजिनवालं विमान

“काका, शिकणाऱ्यानं बॅटरीवालंच घ्यावं,” रिमोटच्या विमानांचं दुकान चालवणारी कामिनी तिसऱ्यांदा म्हणाली. “आवाज नाही, तेलाची कटकट नाही.”

“आवाज नाही म्हणूनच नको,” गोविंदा म्हणाला. “मले इंजिनवालंच पायजे.”

एकतीस वर्षं त्यानं विमानतळावर फटाके फोडून धावपट्टीवरच्या घारी हाकलल्या होत्या. दुसऱ्यांची विमानं सुखरूप उडाली आणि हा आपला जमिनीला खिळलेला. एकदा तरी आपल्या हातानं काहीतरी उडवायचं, एवढंच मनात होतं. पण काचबिंदूनं कडेकडेचं जग कधीच खाऊन टाकलं होतं. उरलेलं हिवाळ्यापर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते फक्त त्याच्या बायकोला, प्रेमिलाला ठाऊक होतं.

कामिनीनं दोन विमानं समोर ठेवली. “दोन्हीचे पंख वर बसवले हायेत. हात चुकला तरी विमान स्वतःच सावरते. पिवळं घ्या, दुरून दिसते.”

“पिवळंच घेतो,” म्हणत गोविंदानं निळं उचललं.

कामिनीनं त्याच्या हातातल्या निळ्या विमानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “डोळे, काका?”

मग त्याचा धीरच सुटला. त्यानं सगळं सांगून टाकलं. “मले आवाजावरून समजते. विमान कुठून येऊन राहिलं, डोळे मिटून सांगतो. एकदाच उडवू दे, पोरी. हात जोडतो तुले.”

“विकणार नाही मी,” ती म्हणाली. “कोणाच्या डोक्यावर पडलं तर? रविवारी मैदानावर या. माझ्या विमानाले दोन रिमोट जोडता येतात. तुमचं चुकलं तर माझ्या हातात घेईन.”

रविवारी सकाळी रामटेक रोडच्या माळावर इंजिन तडतडलं. कामिनीनं विमान वर नेलं आणि म्हणाली, “घ्या, तुमच्याकडे दिलं.”

गोविंदानं अंगठा डावीकडे रेटला. आवाज डावीकडे वळला. उजवीकडे रेटला, उजवीकडे आला. आकाशातली एक गोष्ट त्याचं ऐकत होती. त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि गालावरून पाणी वाहिलं ते पुसायलाही हात रिकामा नव्हता.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

आभाळ कोरं झालं. त्यानं मान वर करून इकडे तिकडे फिरवली. जिकडे पाहावं तिकडे नुसता उजेड होता. “कुठं हाये? कामिनी, कुठं गेलं?” त्याचे अंगठे रिमोटवरून सुटले. आयुष्यात एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

दूर गवतात चाकं खरखरली.

“उतरलं,” कामिनी म्हणाली. “तुम्हीच उतरवलं, काका.”

“नाही पोरी. उडवलं मी, उतरवलं तू.” त्यानं रिमोट तिच्या हाती दिला. “थांब, आणतो मी.”

खरखर जिथून आली होती तिकडे तो ताठ चालत गेला. विमान इथेच असायला हवं होतं. पायाला गवतच लागत होतं. तो गुडघ्यावर बसला आणि हातांनी चाचपू लागला. मागून हाक येईल असं त्याला वाटलं. ती आली नाही; शोधायचं तिनं त्याच्यावरच सोडलं होतं. त्यानं मनातल्या मनात कामिनीचे आभार मानले आणि आणखी थोडं पुढे सरकला.