पांढराशुभ्र स्पंज

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत माशांच्या टाकीकडे डोळे लावून बसली होती. दर आठवड्याला दोन-तीन मासे उलटे तरंगायचे; आता एकवीस दिवसांत एकही मेला नव्हता.

"मासे घराची पीडा अंगावर घेतात," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पीडा माहेरी गेली, मासे वाचले. आता तिला परत आणू नका."

पीडा म्हणजे घरची सून. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालं, मासे मरू लागले आणि खापर तिच्यावर फुटलं. महाराजांनी टाकीत बाटलीतलं 'जिवंत पाणी' ओतलं, फिल्टरच्या डब्याला दोरा बांधला, कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि तिला घराबाहेर काढायला लावलं. नवऱ्याने मान खाली घातली. त्याला तेवढंच जमतं.

त्याची बहीण पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. ती सकाळीच आली होती आणि वहिनी घरात नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं.

"दादा, टाकीसुद्धा लग्नातच भेट आली ना? तिला नाही कुणी माहेरी पाठवलं," ती म्हणाली. "आई, हा डबा कोण धुतं?"

"मीच. दर रविवारी आतला स्पंज नळाखाली धरते, पांढराशुभ्र होईपर्यंत. या दोऱ्यामुळे तीन आठवडे राहिलाय, नुसता जीव तुटतोय बघ."

लेकीचा चेहरा उतरला. तिने दोरा सोडला आणि स्पंज एका वाडग्यात पिळला. दुसऱ्या वाडग्यात महाराजांच्या बाटलीत उरलेलं 'जिवंत पाणी' ओतलं. दोन्हीकडे तेच तपकिरी पाणी, तोच ओल्या मातीचा वास.

"यात जंतू असतात. माशांच्या घाणीचं विष तेच मोडतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. मग विष साचतं आणि मासे मरतात. स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलका खंगाळायचा असतो. महाराज, तुम्ही कुठल्या टाकीतला पिळून आणलात?"

महाराजांना अचानक दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. ते चपला शोधू लागले.

"म्हणजे मासे मी मारले?" आईने विचारलं.

"मासे चुकून मेले, आई. वहिनीला मात्र आपण समजून-उमजून काढलं."

भावाने फोन लावला. सुनेच्या वडिलांनी उचलला. "ती बोलणार नाही म्हणते," एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला.

तेव्हा मंडळी, मासा मेला तर आधी पाणी तपासा, डबा कोण कसा धुतं ते विचारा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवू नका. त्या टाकीतले मासे आज छान पोहतात. सून अजून आलेली नाही.