शेवटी जेवणारीचं वरण

दगडाला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापा. मी एक जुना पाटा आहे, सौंसरजवळच्या बोरगावातल्या एका संत्रावाल्या घरचा. मला भूक लागत नाही, त्यामुळे जेवणाच्या भांडणात मी कुणाच्याच बाजूचा नाही. जे पाहिलं-ऐकलं तेवढं सांगतो.

मित्रांनो, रामाकोन्याच्या चिंधू पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. तासलं, अंगभर टाकी लावली आणि जोडीला वरवंटा दिला. घरधनी पुंडलिकरावांचं लग्न ठरलं तेव्हा मी बैलगाडीतून या घरी आलो. माझ्यावर मिरची, लसूण, खोबरं, भिजवलेली बरबटी म्हणजे चवळी, काय काय वाटलं गेलं! पाहुणे बोटं चाटत विचारायचे, "वडे कोणं केले वो?" नाव त्यांच्या बायकोचं, प्रेमलताबाईंचं निघायचं. माझं कुणी काढलं नाही.

मग मिक्सर आला. मला उचलून न्हाणीजवळ टाकलं आणि माझ्यावर कपडे आपटले जाऊ लागले. राग आला का? आला. साबणाची चव ज्याने घेतली त्यालाच ते कळेल.

मला परत स्वयंपाकघरात आणलं ते सुनेने, दिपालीने. पांढुर्ण्याची पोर, पुंडलिकरावांच्या मुलाची, वैभवची बायको. ती दूध, दही, तूप, काहीच खात नाही. व्हीगन म्हणतात त्याला. तिच्या मामाच्या गोठ्यात वासरू मेलं, तेव्हा त्याच्या कातड्यात भुसा भरून ते गाईपुढे उभं केलं होतं. गाय त्याला चाटत होती आणि खाली धार काढणं चाललं होतं. त्या दिवसापासून दिपालीने दूध सोडलं. मिक्सरात तीळ बारीक होत नाहीत म्हणून ती मला घासूनपुसून आत घेऊन आली आणि रोज तीळ वाटून वरणात घालू लागली. तिच्या हाताला जोर होता, मला ते आवडलं.

पुढे तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात रक्त तपासलं तर फारच कमी निघालं. प्रेमलताबाईंनी दुधाचा ग्लास तिच्यापुढे आणून ठेवला.

"म्या म्हणलंच होतं! दूध नाही, तूप नाही, अंगात रक्त कुठून येईन? रजनीले असंच दवाखान्यात नेलं होतं. घरी आली का ते?"

रजनी ही प्रेमलताबाईंची धाकटी जाऊ. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं. अंगात रक्तच नव्हतं, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. ती भीती या घरातून कधी गेलीच नाही.

"आई, मले का मरायची हौस आहे?" दिपाली रडायला लागली. "अजून एक तपासणी होऊ द्या. रक्त नाही वाढलं तर पिईन मी दूध."

म्हणाली खरी, पण त्या दिवशी तीळ वाटताना तिचे डोळे कोरडे झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वैभव दोघींना सौंसरला डॉक्टर मानसी यांच्याकडे घेऊन गेला. तिथलं मी काही पाहिलं नाही. घरी आल्यावर त्याने बापाला सांगितलं तेच मला ठाऊक.

"मॅडम म्हणे, दूध नसलं तरी चालते. डाळ, बरबटी, सोयाबीन, तीळ, पालेभाजी पोटभर पाहिजे. जेवणासंगं संत्रं खा म्हणे, लोह अंगी लागते. फक्त बी-ट्वेल्व्ह म्हणून एक असते, ते भाजीपाल्यात भेटत नाही. त्याची गोळी घ्याच लागते. अन् रक्ताच्या, कॅल्शियमच्या गोळ्या हायेतच."

"संत्रं?" पुंडलिकराव म्हणाले. "गरवार बाईले थंड नाही पडत का?"

"नाही म्हणे. अन् आखरीले त्यायनं इचारलं, घरात कोण कवा जेवते? आई काही बोललीच नाही."

मी बोललो असतो. या घरात आधी पुरुष जेवतात, मग आलागेला, मग सासू आणि शेवटी सून. दिपाली स्वतःसाठी तीळ वाटायची आणि ते जायचे दुसऱ्यांच्या ताटात. ती बसायची तेव्हा पातेल्यात वरणाचं नुसतं पाणी उरलेलं असायचं, आणि पोळीच्या डब्यात तुकडे.

त्या दुपारी मिरची वाटायला प्रेमलताबाई माझ्यापुढे बसल्या. वरवंटा दोनदा फिरला आणि थांबला.

"रजनी तं दूध पेत होती," त्या म्हणाल्या.

"काय म्हणतं?" हात धुऊन पाटावर बसलेल्या पुंडलिकरावांनी विचारलं.

"रोज पेत होती. गिलासभर. अन् जेवाले बसे तवा पातेलं खरवडत बसे. मी पाहो, अवो! माह्या डोळ्यानं पाहो!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग उठल्या, नवऱ्यापुढचं ताट उचललं आणि दिपालीपुढे ठेवलं. "थांबा जरा तुमी. पयले पोरीले बसू द्या."

इतक्या वर्षांत पुंडलिकरावांचं ताट कुणी उचललं नव्हतं. ते सरकून बसले आणि म्हणाले, "बसू दे. अन् ते संत्रं सोलून दे तिले." घट्ट वरण, बरबटीची उसळ, दोन भाकरी. दिपाली पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि मग रोजच.

पुढच्या तपासणीत रक्त वाढलं. दुधाचा ग्लास काही उचलावा लागला नाही. दिपालीला माहेरी मुलगी झाली, आणि लेकीला घेऊन ती परत आली तेव्हा घरात मोठा कल्ला झाला.

त्याच दिवशी तिने सासूचा हात धरून खाली बसवलं. "आज तुम्ही पयले, आई." चुलीवरची भाकर थेट ताटात पडली, वरून पळीभर वरण. प्रेमलताबाईंनी घास तोंडात टाकला आणि ओरडल्या, "अवो मायबाई! केवढं गरम हाये हे!"

सगळे हसले. त्याही हसल्या. मग एकदम रडायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी या घरात गरम वरण खाल्लंच नव्हतं.

मित्रांनो, दूध प्या की सोडा, ते तुमचं तुम्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. माझी विनवणी एवढीच, की आज तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं ते बघा. आणि ती बसेल तेव्हा पातेल्यात डोकावून बघा.