साडेचार तास

“किती झाले?” संडासातून बाहेर येता येता काकांनी विचारलं.

“चार तास दहा मिनिटं.” बायकोनं दारामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं रेघ मारली. “काल पावणेचारच होते. आता जा बाबा एकदाचे कामावर. तुमच्या पोटाची हजेरी घेऊन घेऊन माझं डोकं उठलंय.”

कारखान्यात त्यांना सगळे ‘वरचे काका’ म्हणत. सव्वीस वर्षं ते छपराखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसत आले होते. बावन्न पायऱ्यांची उभी शिडी, वर पत्र्याची एवढीशी खोली, एक खुर्ची आणि दोन दांडे. संडास खाली. चहाचा भोंगा होईपर्यंत साडेचार तास उतरायची सोय नव्हती, कारण क्रेन शिडीपाशी परत आल्याशिवाय पाय टेकायला जागाच नसे, आणि चालू काम टाकून ती मधेच परत आणता येत नसे.

अकरा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं रोगानं खराब झालेलं मोठं आतडं काढून टाकलं आणि लहान आतडं थेट खाली जोडलं. सुरुवातीला दिवसातून चौदा-पंधरा वेळा पळावं लागे, तेही नुसतं पाणी. काका रडकुंडीला आले होते.

“पाणी शोषून घ्यायचं काम थोरल्याचं होतं, ते आता धाकट्याच्या अंगावर पडलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याचं अस्तर जाड होईल, चाल मंदावेल. शिकेल ते. पण वर्षभर दम धरा.”

काकांनी दम धरला. मऊ भात आणि केळी खाल्ली, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्याले, आणि केबिनमध्ये बसावं तसे दाराजवळच्या स्टुलावर घड्याळाकडे डोळे लावून बसले. चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच. जीव अगदी मेटाकुटीला आला, पण केबिन काही डोक्यातून गेली नाही.

सोमवारी ते हजर झाले. सुपरवायझरनं धावत येऊन मिठीच मारली.

“काका! कसे आहात?”

“बरा आहे. आता बसू शकतो सलग. जाऊ वर?”

सुपरवायझरनं मान खाजवली. मग कमरेला लटकवलेला बटणांचा पिवळा डबा पुढं केला. “आता वर कोणी जात नाही, काका. तुम्ही गेलात आणि सगळं काम तुंबलं. शेवटी हे बसवून घेतलं. खालूनच बटण दाबायचं. आठवड्यात शिकले सगळे. तुम्हीही शिकाल की! आणि तुमच्या दृष्टीनं तर उत्तमच, संडास दहा पावलांवर.”

तो हे अगदी मनापासून म्हणत होता, त्यामुळे काकांना रागावताही येईना.

“वर माझी उशी राहिलीय. घेऊन येतो,” ते म्हणाले.

शिडी चढताना तीनदा थांबावं लागलं. खुर्चीवर धूळ होती. उशी झटकून ते क्षणभर टेकले, तेवढ्यात केबिन हलली. खाली कोणीतरी बटण दाबलं होतं. काका वर आहेत हे सुपरवायझर कामाच्या धबडग्यात साफ विसरला होता.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. काकांनी मारली नाही. सवयीनं दांड्यांवर हात ठेवून ते बसून राहिले. दांडे जागचे हलत नव्हते, तरी क्रेन या टोकापासून त्या टोकाला चालली होती. माल उचलत होती, अलगद ठेवत होती. खोट काढायला जागा नव्हती. थोरलं गेलं तर धाकटं शिकलं, आपण गेलो तर कारखाना शिकला. काकांना फार वाईट वाटलं.

दोन तास झाले, तीन झाले. चौथा तास सरत आला तेव्हा पोटात एकदा गुरगुरलं. काका घामाघूम झाले. मग पोट आपलं आपणच शांत झालं.

भोंगा झाला. क्रेन शिडीपाशी आली आणि ते उशी काखोटीला मारून उतरले. कोणी पाहिलं नाही.

घरी बायको पेन्सिल घेऊनच उभी होती. “आज किती?”

“साडेचार.”

“अगंबाई! म्हणजे उद्यापासून वर?”

काकांनी उशी दाराजवळच्या स्टुलावर ठेवली, नीट केली आणि तिच्यावर बसले.

“तू रेघ मार,” ते म्हणाले.