उणे एक

भिंतीची जाडी पंचेचाळीस सेंटीमीटर. माती, थोडा चुना, बाकी सगळी माती ठोकून बसवणाऱ्यांची मेहनत.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा प्रश्न: घराला घाम येतो का? उत्तर: येतो, म्हणून तर ते थंड राहतं.

खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला रुमाल.

प्रबंध द्यायची शेवटची तारीख: शुक्रवार.

खोलीत माणसं: उणे एक.

ही शेवटची ओळ संगणकाच्या पडद्यावरची. विभागाच्या इमारतीमागं आम्ही मातीची एक खोली बांधली आहे, यंत्राशिवाय ती किती थंड राहते ते मोजायला. आतली हवा, ओल, उष्णता सेन्सर टिपतात आणि त्यावरून आत माणसं किती याचा अंदाज पडद्यावर येतो. सुरुवातीला तीन आठवडे खोली बंद ठेवून तासातासाचं ‘रिकाम्या खोलीचं माप’ घ्यायचं आणि पुढं दर वेळी ते वजा करायचं, अशी आमची रीत.

गेले दोन महिने रोज दुपारी दोन ते चार पडदा म्हणतोय, उणे एक.

“सेन्सर बिघडलाय,” मी म्हटलं.

“दोनदा बदलला, मॅडम.” ही पारा, माझी संशोधक विद्यार्थिनी. लवकर चढते, म्हणून हे नाव. “माझी तीन वर्षांची आकडेवारी या मापावर उभी आहे. सरळ एक मिळवून टाकू?”

“माणूस म्हणजे काय मीठ आहे, कमी पडलं की घालायला?”

ती हसली नाही. तिनं तारखांची यादी पुढं सरकवली. अकरा तारखेपर्यंत शून्य. बारापासून उणे एक.

बाराला विभाग बंद होता. आदल्या रात्री सर वारले होते. मला शिकवलेले सर.

खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते.

“मामा, सुरुवातीचं माप चालू होतं तेव्हा आत कोणाला सोडलंत का?”

“छे. वही बघा, एक नाव सापडायचं नाही.”

“आणि सर?”

“सर बसायचे की. रोज दोन ते चार, अगदी शेवटपर्यंत. डबा खाल्ला की डोळा लागायचा त्यांचा. निवृत्त माणूस, जाणार कुठं? त्यांच्या खोलीत तर तुमची प्रयोगशाळा.”

“वहीत का नाही लिहिलंत?”

“वही बाहेरच्यांची. खोली आखली त्यांनी, आणि मी त्यांची सही घेऊ? काहीतरीच काय, मॅडम.”

तीन वर्षं आम्ही ज्याला शून्य म्हणत होतो, तो एक झोपलेला माणूस होता.

दोन वाजता मी आत गेले. सरांच्या रुमालाला हात न लावता खुर्चीत बसले. आत कसलाच आवाज नव्हता, जाड भिंती तो बाहेरच ठेवतात. अर्ध्या तासानं पाराचा फोन आला.

“मॅडम, आत आहात ना?”

“आहे.”

“पडद्यावर खोली रिकामी दिसतेय.”

मी उठले, चालले, पुन्हा बसले.

“आता?”

“रिकामी. बाहेर या ना, मॅडम. मला नाही बघवत.”

मी बसून राहिले. चार वाजेपर्यंत मी नव्हते.

पारा दाराशीच उभी होती. “नवं माप घ्यायचं तर तीन आठवडे. मुदत हुकली तर माझी शिष्यवृत्ती बंद. एक मिळवला तर कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“मुदतवाढीचं पत्र मी देते. घे लिहून.” ती पायरीवर बसली. मी सांगत गेले. “रिकाम्या खोलीचं माप घेताना खोलीत एक व्यक्ती होती. ही चूक विद्यार्थिनीची नाही, मार्गदर्शकाची आहे.”

“व्यक्ती कोण, विचारतील.”

मी सरांचं पूर्ण नाव सांगितलं. तिनं ते दोनदा तपासलं.

“आणि बंद खोलीत ते काय करत होते?”

“लिही, त्यांना बसायला दुसरी जागा नव्हती.”

“का नव्हती?”

मी सहीसाठी हात पुढं केला. तिनं कागद दिला नाही. ती उत्तराची वाट बघत होती.

सरांची खोली प्रयोगशाळेसाठी मिळावी हा अर्ज, ते निवृत्त व्हायच्या आठ महिने आधी, मी दिला होता.