पिवळा फोन

बाबांना त्यांचा फोन पिवळा करून हवा होता.

मी म्हटलं, नवाच घेऊ या की. तर नको. फोन उत्तम चालतोय, नुसता रंग बदलून दे. ज्या माणसाने जन्मभर पांढरे आणि फिकट निळे असे दोनच शर्ट आलटून पालटून घातले, त्याला साठी उलटल्यावर पिवळा फोन कशाला हवा, हे मला कळेना. आई म्हणाली, म्हातारचळ, दुसरं काय. बाबांचं म्हणणं, काळा फोन व्हॅनच्या काळ्या सीटवर पडला की हाताशी असून सापडत नाही, आणि मुलांच्या आया तर सकाळपासून फोन करत असतात. मग कव्हर घालू, असं सुचवलं, तर कव्हर घातलेला फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडमध्ये बसत नव्हता. तेही खरंच होतं, मी बसवून पाहिला.

बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. नोकरी होती तो कारखाना बंद पडल्यावर त्यांनी ती घेतली आणि तेव्हापासून ते अख्ख्या वस्तीचे व्हॅनकाका झाले. गेल्या वर्षापासून आईही त्यांच्याबरोबर जायला लागली होती. मुलांना चढवायला-उतरवायला कुणीतरी बाईमाणूस हवं, असं ती म्हणायची. पुढच्या सीटवर बसून अखंड बोलायची. मला वाटायचं, बरं झालं, घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर साचे पाठवतात, आम्ही कॅप आणि कवळ्या बनवतो. शेजारच्या दातांशी रंग जुळला पाहिजे, म्हणून दिवसभर पांढऱ्यातले पिवळट, राखाडी, निळसर असे भेद बघत बसायचं. चिमटा, भिंग, बारीक ब्रश हे रोजचंच. त्यामुळे फोन उघडायची मला धास्ती नव्हती. रंग बदलायचा पूर्ण संच ऑनलाइन मिळाला. मागची काच, कडेची धातूची चौकट, बटणं, सिमकार्डाचा ट्रे, गोंदाच्या पट्ट्या, इवलेसे स्क्रू, सगळं एका खोक्यात. खोक्यावर चिठ्ठी चिकटवली होती, ‘पिवळा’.

रविवारी जेवणं झाल्यावर मी आई-बाबांकडे टेबलावर जुनी चादर अंथरली. केस वाळवायच्या मशीनने फोनची पाठ गरम केली, प्लास्टिकची पात सरकवून हळूहळू गोंद सोडवला. काच आधीच एका कोपऱ्यात तडकलेली होती, ती निघता निघता तिचे चार तुकडे झाले. झाले तर झाले, नवी होतीच. मग मी संचातल्या भागांवरची कागदी वेष्टनं काढली.

आत पिवळं काहीच नव्हतं. फिकट जांभळी काच, फिकट जांभळी चौकट. धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखा, धड जांभळा नाही आणि धड राखाडी नाही असा रंग. मी खोकं उलटंपालटं करून पाहिलं. चिठ्ठी पिवळ्याची आणि माल जांभळा. परत करायचं म्हटलं तर आठवडा जाणार, जुन्या काचेचे तुकडे झालेले, आणि उद्या सकाळी व्हॅन निघायची होती. त्या फोनमध्ये सगळ्या पालकांचे नंबर होते. म्हटलं, आता हाच बसवू, पिवळा मागवून पुढच्या रविवारी पुन्हा बदलू.

जुन्या चौकटीतलं एकेक बिऱ्हाड नव्या चौकटीत हलवताना दुपार सरली. कॅमेरा, स्पीकर, बॅटरी, केसासारख्या बारीक तारांच्या पट्ट्या. एक स्क्रू चादरीच्या घडीत गेला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. शेवटी काच दाबून बसवली आणि बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग चार्जर लावला आणि थोड्या वेळाने पडदा उजळला.

बाबा गॅलरीत वर्तमानपत्र नाकाशी धरून बसले होते. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत फोन त्यांच्या हातात दिला. “बाबा, एक गोंधळ झालाय,” असं म्हणणार, तोच ते बोलले.

“वा! छान दिसतोय गं पिवळा. आता बरोबर सापडेल.”

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. बाबांना चेष्टा करायची सवय आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, की आता हसतील, मग हसतील. ते फोनवरून अंगठा फिरवत होते. ऊन चांगलं होतं. फोन त्यांच्या मांडीवर, उजेडात होता.

“जास्त भडक नाही ना वाटत?” मी विचारलं.

“छे, मस्त आहे. लिंबासारखा.”

मी आत वळून पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने फोन पाहिला होता. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं. ती ओट्याकडे वळली आणि नळ सोडून धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली.

मी तिच्याजवळ गेले. बाबांना कधीपासून नीट दिसत नाहीये, एवढंच विचारलं. तिने नळ आणखी मोठा केला. म्हणाली, वय झालं की रंग थोडे इकडचे तिकडे होतात, त्याचा एवढा बाऊ करू नकोस, आणि त्यांच्यासमोर तर मुळीच नको. रस्ता त्यांना पाठ आहे. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, सुट्ट्या लागल्या की जाऊ. कधी नव्हे ती माझ्याशी कमी बोलली.

मी त्या रात्री माझ्या घरी गेले नाही, तिथेच राहिले. आढ्याकडे बघत पडले होते. उद्या सकाळी व्हॅन निघणार, तिच्यात दुसऱ्यांची लेकरं बसणार. मी उठून किल्ली लपवावी का? पण रंग ओळखता न येणं म्हणजे दिसत नाही असं थोडंच असतं? मी घरातल्या घरात राईचा पर्वत तर करत नाहीये? आणि खरंच तसं असलं, तर ज्या माणसाने मला सायकल शिकवली, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्ही आता चालवू नका? शेवटी ठरवलं, सकाळी आपणही व्हॅनमध्ये बसायचं. लॅबच्या वळणावर सोडा, असं म्हणायचं. आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि पहिलं मूल चढायच्या आत काय ते ठरवायचं.

सकाळी व्हॅन निघाली. मी मागच्या बाकावर, आई पुढे. निघाल्यापासून आईचं तोंड सुरू झालं. तो पांढरा टेम्पो बघा कसा मध्येच उभा केलाय. अगंबाई, दूधवाला आज उशिरा निघाला वाटतं, इकडे डावीकडूनच येतोय. सिग्नल आज लवकर लागला हो. ती दोघं पोरं बघा, रस्ता ओलांडायची काही रीत?

असंच ती नेहमी बोलायची. पण मी पहिल्यांदा तिच्याऐवजी बाबांच्या हातांकडे बघत होते. ती टेम्पो म्हणाली, की स्टिअरिंग जरासं उजवीकडे. ती सिग्नल म्हणाली, की ब्रेकवर पाय. तिच्या बोलण्यात एकही वाक्य फुकट जात नव्हतं. बाबा सरळ समोर बघत होते, मान ताठ, आणि बाजूचं सगळं आई बघत होती. वर्षभर ती गप्पा मारत नव्हती. ती व्हॅन चालवत होती.

आणि मग मी जी चूक करायला नको होती तीच केली. मी पुढे वाकले आणि म्हणाले, “आई, हे कधीपासून चाललंय?”

ती मागे वळली. “हळू बोल,” एवढंच म्हणाली असेल.

तेवढ्यात डावीकडून एक बाई हातात सायकल धरून फूटपाथवरून खाली उतरली. मला ती आईच्या खांद्यावरून स्वच्छ दिसली. बाबांचा पाय हलला नाही. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. आईने वळून त्यांच्या दंडाला धरलं. ब्रेक करकचून लागले, मी पुढच्या सीटवर आपटले, आणि पुढचं चाक व्हॅनला घासून सायकल बाजूला पडली.

बाई उभी होती. तिला काही लागलं नव्हतं. तिने सायकल उचलली, खिडकीशी येऊन बाबांना नको नको ते बोलली आणि निघून गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

बाबांनी व्हॅन कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं.

“कुठून आली ती?” त्यांनी विचारलं.

“डावीकडून,” आई म्हणाली.

“मला दिसली नाही.”

पुढच्या वळणावर पहिलं मूल फाटकाशी उभं असणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“बाबा, किल्ली द्या,” मी म्हटलं.

“पोरं वाट बघत असतील.” त्यांनी गिअर टाकला.

मी दाराकडे हात नेला. काय करणार होते कुणास ठाऊक, बहुतेक व्हॅनसमोर जाऊन उभी राहणार होते. पण त्याआधी आईने हात पुढे केला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून आपल्या मुठीत घेतली.

“पुरे आता,” ती म्हणाली. “मी दमले हो.”

बाबांनी स्टिअरिंगवरचे हात बाजूला घेतले. मग त्यांनी फोन काढला. पहिल्या पालकांना ते म्हणाले, गाडी बिघडलीये, आज जमणार नाही. फोन ठेवला. दुसऱ्यांचा नंबर लावला, आणि तिथे मात्र थांबले. मग म्हणाले, “मला डोळ्यांनी कमी दिसतंय. आजपासून मी गाडी चालवणार नाही.” त्यानंतर प्रत्येकाला तेच सांगितलं, आणि शेवटी पहिल्यांना पुन्हा फोन लावून खरं सांगितलं. बऱ्याच जणांनी काळजी घ्या म्हटलं. एका आईने मात्र विचारलं, कधीपासून कमी दिसतंय, आणि आमची मुलगी इतके दिवस तुमच्याबरोबर जात होती? पुढचं आम्हाला ऐकू येत नव्हतं, नुसता चिरका आवाज येत होता. बाबांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. सगळं ऐकून घेतलं.

व्हॅन तिथेच सोडून आम्ही चालत घरी आलो. वाटेत मी आईला म्हटलं, मला सांगायचंस तरी. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तू व्हॅन बंद केली असतीस.” मी म्हटलं, अर्थात. “म्हणूनच,” ती म्हणाली. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता, आणि तिचा हात मात्र मी सोडला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांना एका अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. दार किलकिलं होतं. मी बाहेर बाकावर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. टक, टक, आणि मग काहीच नाही. परत एक टक. परत शांतता. ती शांतता इतकी लांबायची की मला वाटायचं, तपासणी संपली असेल. संपलेली नसायची. आत उजेड चमकत होते आणि बाबा वाट बघत बसले होते.

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात जातो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली टिकते. मोतीबिंदूही होता, रंगांचा घोळ त्याच्यामुळे, तो काढता येणार होता. गाडीचं विचारायची कुणाला गरज पडली नाही.

बाबा माझ्याशी आठ-दहा दिवस धड बोलले नाहीत. हवं-नको आईमार्फत. थेंब मात्र रोज मी गेले की माझ्याकडूनच घालून घ्यायचे, कारण आईचा हात हलायचा. मान मागे टाकून, डोळा उघडा ठेवून, एक अक्षर न बोलता. एकदा थेंब गालावर ओघळला तेव्हा म्हणाले, “मला मागेच कळलं होतं. मुलं मी आवाजावरून मोजायचो. एखादं गप्प बसलं की माझ्या छातीत धडधडायचं.” मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला.

आम्ही दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, की हे घराण्यात उतरतं, तुम्हीही तपासून घ्या. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. माझं सगळं काम डोळ्यांवर. शेवटी बाबाच म्हणाले, चल, मी येतो बरोबर.

त्याच खोलीत मी हनुवटी टेकवली. बाबा बाहेर बाकावर बसले. अंधार झाला. समोरचा ठिपका स्थिर होता. मी बटणावर अंगठा ठेवला आणि पहिल्या उजेडाची वाट बघायला लागले. तो यायला फार वेळ लागतोय असं वाटलं. दार किलकिलंच होतं, आणि बाहेरून बाबांच्या खाकरण्याचा आवाज आला.