आवडीनुसार आमसूल

"आई, माझे हात का खाजतायत हो एवढे?" अळूचे देठ सोलता सोलता गंधालीने विचारलं.

मालन टेबलाशी तांदूळ निवडत बसली होती. अळू चिरायच्या आधी हाताला तेल चोळायचं असतं, हे सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं. "होतं कधी कधी," ती म्हणाली आणि तांदळात नसलेला खडा शोधू लागली.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, भाऊंना, साखर निघाली आणि गोरेगावच्या त्या घरातला ओटा सासूकडून सुनेकडे गेला. कोणी हिसकावून घेतला नाही. डॉक्टरांनी पथ्याचा कागद गंधालीच्या हातात दिला, एवढंच झालं. मग खिडकीच्या ग्रीलमध्ये तेलाच्या रिकाम्या डब्यांत मेथी उगवली, बाल्कनीत सालींच्या खताची बादली आली, पनीर गेलं आणि नाचणी, कुळीथ, माठ सुरू झालं. बिल्डिंगमधल्या बायकांचा 'स्वस्तात सेंद्रिय' नावाचा ग्रुप निघाला, त्यावर रोज गंधालीच्या ताटाचा फोटो जाऊ लागला. वरच्या मजल्यावरची सपना तर लिफ्टमध्ये मालनलाच सांगायची, "काकू, लकी आहात यार तुम्ही! काय काय करते ना तुमची सून!"

खोटं कशाला बोला, मालन जळत होती. कुळथाची पिठी म्हणे! संपाच्या वर्षी भाऊंची गिरणी बंद पडली तेव्हा हीच पिठी तिने महिनोन्‌महिने घरात शिजवली होती. आरेच्या रस्त्याकडेचा टाकळा ओचा भरून आणायचा, दार लोटून निवडायचा, शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही. तेव्हा ती गरिबी होती. आता सुनेने केली की ती सेंद्रिय झाली आणि तिला टाळ्या पडू लागल्या.

त्यातून भाऊ. 'छान' हा शब्द गिरणीतच कुठेतरी ठेवून आलेला हा माणूस सुनेची भाकरी मोडताना रोज म्हणायचा, "झकास गो!" मालन तेव्हा मीठ आणायला उठायची, मीठ ताटात असतानाच.

मालनकडे स्वतःची अशी एकच गोष्ट होती. लग्नाला चार महिने झाले होते. आई लहानपणीच गेलेली, ती मामाकडे वाढलेली, सासू गावी. तिने पहिल्यांदाच अळूचं फदफदं केलं आणि त्यात आंबट घालायचं राहिलं. घालतात हे तिला ठाऊकच नव्हतं. भाऊ मुकाट्याने दोन वाट्या जेवले आणि मग रात्रभर पाणी पीत राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांताबाईंनी कपाळावर हात मारून सांगितलं, "अगो, आमसूल नाय घातलंस? घसो सोलून निघतलो त्याचो!" तेव्हा मालनला कळलं की नवऱ्याने काय गिळलं होतं. त्याने कधी कौतुक केलं नाही, पण ते अळू खाल्लं होतं. एवढ्यावर तिने संसार केला.

ओट्यावर गंधालीने फोन टेकवून ठेवला होता. "यात लिहिलंय, चिंच किंवा आमसूल आवडीनुसार," ती म्हणाली. "बाबांना ॲसिडिटी होते ना, म्हणून मी घालतच नाहीये. आई, अजून काही लागतं का हो यात?"

आमसुलांची बरणी बरोबर तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती.

"तुझं तू बघ गं," मालन म्हणाली. "तुला सगळं येतंच."

तिला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा भाऊंनी सुनेसमोर ताट दूर सरकवावं.

रविवार होता, दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. पहिल्या घासाला छोटी जान्हवी रडायलाच लागली. "मम्मी, टोचतंय!" मालनचा मुलगा सर्वेश लेकीला घेऊन बेसिनकडे धावला. "काय घातलंस गं यात? वाट लागली घशाची!" गंधालीचा चेहरा उतरला. तिने स्वतः एक घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं ते खवखवीचं की अपमानाचं, तिचं तिलाच ठाऊक.

मालन भाऊंच्या ताटाकडे बघत होती.

भाऊंनी वाटी संपवली. मग ती सुनेपुढे धरली. "वाढ गो अजून. झकास झालाहा."

मालनला वाटलं, आपल्या ट्रंकेतला शालू काढून कोणी दुसरीच्या अंगावर घातला. तेच अळू, तोच माणूस, तशाच दोन वाट्या. वर 'झकास' सुद्धा. तिला तो शब्द तेव्हाही मिळाला नव्हता.

जेवणानंतर भाऊ बाल्कनीत जाऊन घसा खाकरत उभे राहिले. ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि तिला राहवलं नाही. "सुनेचं फारच गोड लागतं हो तुम्हाला."

भाऊ घटाघटा पाणी प्यायले. आवाज चिरकला होता. "तुझा पण असाच खाजलेला. पहिल्यांदा." त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला. "तुका तेव्हा सांगणारा कोण नव्हता, मालन. हिका तू होतंस."

एवढं बोलून ते खाटेवर जाऊन आडवे झाले.

स्वयंपाकघरात गंधाली पातेलं उचलून खताच्या बादलीकडे निघाली होती.

"टाकू नको," मालन म्हणाली. "ठेव गॅसवर."

"मी विचारलं होतं तुम्हाला, आई," गंधाली तिच्याकडे न बघता म्हणाली.

"हो. विचारलं होतंस."

मालनने स्टुलावर चढून बरणी खाली काढली आणि ओट्यावर, सुनेच्या हाताशी ठेवली. "पाच-सहा पुरतात. उकळी आली की घालायची. आमसुलाने ॲसिडिटी वाढत नाही." मग तिने एक वाटी घेतली, पातेल्यातलं अळू काठोकाठ भरलं आणि ओट्याशी उभी राहून खायला सुरुवात केली.

"अहो, ते नका खाऊ! आमसूल घालू द्या ना आधी."

मालनचे डोळे भरून वाहू लागले, पण ती थांबली नाही. वाटी बोटाने पुसून घेतली आणि मगच तिने बरणीचं झाकण उघडलं.