स्वल्पविरामाच्या पुढचं

राजेश्वरीमावशीचा फोन आला तेव्हा श्रिया बारामतीतल्या आपल्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसली होती. मावशी फोनवर बोलत नाही, ओरडते. फोन नसता तरी शेळगावातून बारामतीपर्यंत आवाज पोचला असता.

"श्रिये, समद्यांचे रिपोर्ट चांगले आले बघ! तुझ्या त्या मोबाईलच्या पानावर आत्ताच बघून आलो. छातीच्या तपासणीत कायबी न्हाय!"

श्रियाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेळगावातल्या बायकांचं आरोग्य शिबिर झालं होतं आणि त्यांचे रिपोर्ट मोबाईलवर दाखवायचं काम तिच्याकडे आणि तिचा भागीदार विराज याच्याकडे होतं. कंपनी म्हणजे दोन खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा, पण मावशीच्या गावाचं काम म्हणून तिने जीव ओतला होता.

"आणि रक्त?" तिने विचारलं.

"त्येबी झ्याक. बारा पॉइंट चार. समद्यांचंच बारा पॉइंट चार!"

"सगळ्यांचं?"

"व्हय. माझं, सारजाचं, धोंडाबाईचं. लई हसलो आमी. सारजा म्हनली, एकाच हिरीचं पानी पितो, मग रगात बी एकच असायचं."

घास श्रियाच्या हातातच राहिला. विहीर एक असेल, पण रक्त एक कसं असेल?

"मावशी, सगळ्यांनी एकदमच बघितले का गं?"

"मग? असलं कुनी एकटं बघतं व्हय? भ्या वाटतं. समद्या मिळून केंद्रात गेलो. सारजानं आदी उघडला, मग एकामागं एक."

श्रियाने डबा बाजूला सारला. "परत करते फोन," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

शेळगावात नेटवर्क रडतखडत चालतं, म्हणून आरोग्य केंद्रात तिने एक छोटं यंत्र बसवलं होतं. आलेली पानं ते थोडा वेळ जपून ठेवी आणि कुणी मागितली की चटकन दाखवी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर हेडर असतं, पाकिटावर सूचना लिहाव्या तशा सूचना त्यात असतात. रिपोर्टच्या पानावर सूचना होत्या दोन, मध्ये स्वल्पविराम. पहिली, तासभर जपून ठेव. दुसरी, ज्याचं त्यालाच दे.

श्रियाने घाईघाईने आपला कोड उघडला. हेडर वाचणारी ओळ तिने स्वतः लिहिली होती आणि ती स्वल्पविरामापाशी थांबत होती. पुढचं कुणी वाचतच नव्हतं. यंत्राने सारजाबाईंचं पान तासभर जपलं आणि येईल तिच्या हातात ठेवलं.

"पण आपण तपासलं होतं की," विराज म्हणाला. शेजारच्या खुर्चीवरून तो तिच्या स्क्रीनवर वाकला होता.

तपासलं होतं, व्यवस्थित तपासलं होतं. श्रियाने एके दिवशी, विराजने दुसऱ्या, तोवर तिचं पान यंत्राने टाकूनही दिलं होतं. आपला रिपोर्ट माणूस आपला आपण, एकट्याने बघतो, हे दोघंही धरूनच चालले होते. बायका हातात हात धरून रांगेने बघतील, हे दोघांच्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. आणि पानावर नाव नव्हतं. 'कुणी डोकावलं तर लाज जाईल, नाव नको बाई' असं बायकांनीच सांगितलं होतं आणि श्रियाने ते कौतुकाने ऐकलं होतं. नाव असतं तर रांगेतल्या दुसऱ्या बाईनेच आरडाओरडा केला असता.

आता खरे रिपोर्ट बघायलाच हवे होते. सर्व्हरवर ते सगळे जागच्या जागी होते. श्रियाने सगळ्यांत आधी मावशीचा उघडला. दोष नाही. तिच्या तोंडून सुस्कारा सुटला, आणि मग तिने बाकीचे एकेक उघडले. धोंडाबाईच्या रिपोर्टवर ती थांबली. छातीत गाठ. लक्षणं बरी नाहीत. तातडीने मोठ्या रुग्णालयात या.

तिने मावशीला फोन लावला. "धोंडाबाई कुठंयत?"

"ती व्हय? इंदापूरला स्टँडवर गेली की. लेकीकडं सोलापूरला निघालीय, बाळंतपणाला. रिपोर्टासाठीच अडली व्हती बिचारी. आता दोन-तीन म्हयने न्हाय यायची. फोन बी घरीच टाकून गेली."

"मावशी, काकांना गाडीवरून पाठव. धोंडाबाईंना तिथंच थांबवून धरायला सांग. कारण मी सांगेन, मीच सांगेन."

मावशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "श्रिये, काय झालं गं?"

इंदापूरपर्यंत विराजने गाडी चालवली. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली की श्रियाला रडू फुटायचं. सगळा रस्ताभर ती एकच वाक्य मनात जुळवत होती आणि ते जुळत नव्हतं.

स्टँडवर संभाजीकाका चहाचा कप घेऊन उभे होते. शेजारी बाकावर धोंडाबाई, मांडीवर पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. "दोन गाड्या गेल्या माज्या," ती हसत म्हणाली, "तुजा काका सोडतच न्हाय बघ."

श्रिया तिच्यासमोर खाली बसली. हेडर, यंत्र, स्वल्पविराम, यातलं काहीच तिला सांगता आलं नाही.

"धोंडाबाई, तुम्ही मोबाईलवर बघितला तो रिपोर्ट तुमचा नव्हता. माझी चूक झाली. तुमच्या रिपोर्टात गाठ निघालीय. आजच माझ्याबरोबर बारामतीला, दवाखान्यात यायचंय."

धोंडाबाईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, विसरून गेल्यासारखं. सोलापूरची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, माणसं धावली. ती जागची हलली नाही.

"मग म्या बघितला त्यो कुनाचा?"

"सारजाबाईंचा."

तिने पिशवी छातीशी धरली.

"म्हंजी सारजाला कायबी न्हाय ना?"

श्रियाने मान डोलावली. धोंडाबाईने डोळे मिटले आणि देवाला हात जोडले. आपण आधी कुणाचा रिपोर्ट उघडला होता, ते आठवून श्रियाला तिच्याकडे बघवेना.